चार पोर्टांचा सर्व्हर आणि भलत्याच दारात उभा इन्स्टॉलर

पीएक्सईची (डिस्कऐवजी नेटवर्कवरून सर्व्हर सुरू करण्याच्या पद्धतीची) ओळ येते, आयपी पत्ता मिळतो, कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटआरडी (त्याच्यासोबत मेमरीत जाणारी सुरुवातीच्या साधनांची फाइल) धडाधड उतरतात. मेनू दिसतो, तुम्ही एंटर मारता, काळ्या स्क्रीनवर ओळी सरकू लागतात. आणि मग इन्स्टॉलर सांगतो की नेटवर्क सापडत नाही. अरे बाबा, आत्ता नेटवर्कवरूनच तर आलास ना!

हे पहिल्यांदा बघणारा माणूस केबल हलवतो, सर्व्हर रीस्टार्ट करतो, मग नेटवर्कवाल्या सहकाऱ्याला फोन लावून विनाकारण बोलणी खातो. मीही खाल्ली आहेत. घडतं ते असं: नेटवर्कवरून इन्स्टॉल करताना तीन वेगळे प्रोग्रॅम एकामागून एक नेटवर्क कार्डाचा ताबा घेतात. आधी कार्डातलं फर्मवेअर, मग इन्स्टॉलरचा कर्नल, शेवटी डिस्कवर बसलेली सिस्टीम. तिघेही कामावर त्या क्षणी नव्याने रुजू होतात. आधीच्याने कुठल्या पोर्टावरून काम केलं, हे पुढच्याला कोणी मुद्दाम सांगितलं नाही तर ठाऊकच नसतं. एकच पोर्ट असेल तर बिघडत नाही. चार असले की प्रत्येक जण आपापला अंदाज लावतो, आणि अंदाज जुळेलच असं नाही.

या तिघांमध्ये निरोप पोचवणारा एकच आहे, तो म्हणजे बूटलोडर, फर्मवेअरने उतरवलेला आणि कर्नल सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम. पुढच्या बऱ्याच पायऱ्या त्याच्या हाती योग्य चिठ्ठी देण्याच्याच आहेत.

उदाहरणासाठी एक नेहमीचा रॅक सर्व्हर घेऊ: बोर्डावर १ गिगाबिटचे चार पोर्ट, वर १० गिगाबिटचं दोन पोर्टांचं कार्ड. इन्स्टॉल सर्व्हरवर लिनक्स आणि डीएनएसमास्क (आयपी पत्ते आणि बूट फाइली वाटणारा प्रोग्रॅम). बसवायची सिस्टीम रॉकी लिनक्स, डेबियन किंवा उबंटू. कमांड आणि पर्यायांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप अर्थातच इंग्रजीत करायची.

पायरी १: आधी वही काढा

काहीही सुरू करण्याआधी सहाच्या सहा पोर्टांचे मॅक पत्ते (प्रत्येक पोर्टाचा स्वतःचा हार्डवेअर पत्ता) लिहून घ्या. डेलचं आयड्रॅक, एचपीईचं आयएलओ किंवा जी काही बीएमसी (सर्व्हर दुरून हाताळायची वेगळी चिप) असेल तिच्या वेब पानावर नेटवर्क कार्डांच्या यादीत ते सापडतात. समोर चार रकाने पाडा: चेसिसवर छापलेला आकडा, मॅकची शेवटची चार अक्षरं, स्विचचा कुठला पोर्ट, कुठला व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क). कंटाळवाणं काम आहे. पण पुढच्या प्रत्येक पायरीत तुम्ही या कागदाकडेच वळणार आहात.

एक सावधगिरी. चेसिसवर छापलेला १ म्हणजे फर्मवेअरच्या यादीतला पहिला, आणि तोच लिनक्समधला पहिला, असं धरून चालू नका. तिन्ही क्रम वेगळे असू शकतात. सर्व्हरवर कुठलंही लिनक्स चालू करता येत असेल, अगदी रेस्क्यू मोड का असेना, तर एथटूलला उणे पी आणि इंटरफेसचं नाव द्या, पुढे १५ लिहा. त्या पोर्टाचा दिवा पंधरा सेकंद लुकलुकतो. बहुतेक कार्डं हे करतात. रॅकच्या मागे एकाने उभं राहायचं, दुसऱ्याने कमांड मारायची. माझ्या मते छापील आकड्यांपेक्षा हा दिवा कधीही खरा.

बीएमसीचा मॅक वेगळा लिहून ठेवा. काही सर्व्हरांत बीएमसीला स्वतःचा पोर्ट नसतो, ती बोर्डावरच्या पहिल्या पोर्टातूनच बोलते. मग स्विचला एकाच पोर्टावर दोन मॅक दिसतात, आणि डीएचसीपीच्या (आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या) लॉगमध्ये बीएमसीने मागितलेला पत्ता बघून नवखा माणूस खूश होतो, ‘चला, सर्व्हर बोलतोय!’ सर्व्हर तेव्हा अजून मेमरी मोजत असतो.

पायरी २: गाडी कुठल्या स्टेशनात अडली?

नक्की कुठल्या टप्प्यावर थांबलं ते ठरल्याशिवाय कशालाही हात लावू नका. पीएक्सई फर्मवेअरचे जुने कोड इथे उपयोगी पडतात. ई६१ म्हणजे लिंकच नाही. केबल, एसएफपी मॉड्यूल (पोर्टात खुपसायचा जोडणीचा तुकडा) किंवा बंद केलेला स्विच पोर्ट बघा. ई५१ म्हणजे हाक मारली पण कोणी डीएचसीपी ऑफर दिली नाही. युईएफआयमध्ये, म्हणजे बायोसची जागा घेणाऱ्या नव्या फर्मवेअरमध्ये, हेच बहुधा ई१६ म्हणून दिसतं. ई५३ म्हणजे पत्ता मिळाला, पण कुठली फाइल उचलायची ते कोणी सांगितलं नाही. ई३२ म्हणजे फाइलचं नाव कळलं, मात्र टीएफटीपी (बूट फाइली पाठवणारा) सर्व्हर उत्तर देत नाही.

कोड न दिसता कर्नलच्या ओळी सुरू झाल्या असतील तर फर्मवेअरचं काम झालं. आता डीएचसीपी, टीएफटीपी यांच्यामागे लागू नका, स्विचवर फक्त पायरी ४ मधलं पोर्टफास्ट बघा आणि सरळ पायरी ६ वर जा. कर्नल आल्यावरही डीएचसीपीचं कॉन्फिगरेशन उकरत बसलेले लोक मी पाहिले आहेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

पायरी ३: फर्मवेअरला एकच दार उघडं ठेवा

बायोस किंवा युईएफआयच्या सेटअपमध्ये प्रत्येक पोर्टाचं नेटवर्क बूट वेगळं चालू-बंद करता येतं. ज्या पोर्टावरून इन्स्टॉल करायचं तेवढंच चालू ठेवा, बाकी सगळी बंद. युईएफआय प्रत्येक पोर्टावर आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्हींचे प्रयत्न करतं. सहा पोर्ट म्हणजे बारा प्रयत्न. पीएक्सईच्या नियमाप्रमाणे डीएचसीपीसाठी ४, ८, १६ आणि ३२ सेकंद अशी वाढत जाणारी वाट पाहिली जाते, म्हणजे एका प्रयत्नाला मिनिटभर. तुमचा योग्य पोर्ट यादीत शेवटी असेल तर चहा पिऊन परत आलात तरी चालेल. आयपीव्ही६ वरून बूट करत नसाल तर तेही बंद करा.

दुसरं, मोड एकच ठरवा: जुना बायोस की युईएफआय. आज नवीन बसवत असाल तर युईएफआयच. मोड बदलला की बूट फाइलही बदलते.

पायरी ४: स्विच, जिथे बरीचशी रात्र जाते

इथे तीन गोष्टी बघायच्या.

पहिली व्हीलॅन. नेहमीच्या सेटिंगमध्ये फर्मवेअर टॅग (व्हीलॅनचा क्रमांक) नसलेली पाकिटं पाठवतं. स्विचचा पोर्ट ट्रंक (अनेक व्हीलॅन एकत्र नेणारा) असेल आणि इन्स्टॉलचा व्हीलॅन टॅग केलेला असेल, तर हाक भलत्याच गल्लीत जाते. त्या पोर्टावर इन्स्टॉलचा व्हीलॅन नेटिव्ह, म्हणजे बिनटॅगचा ठेवा. डीएचसीपी सर्व्हर दुसऱ्या सबनेटमध्ये असेल तर राउटरवर रिले लागतो, ज्याला सिस्कोवाले आयपी हेल्पर म्हणतात. ब्रॉडकास्ट आपणहून राउटर ओलांडत नाही.

दुसरी गोष्ट स्पॅनिंग ट्री, म्हणजे स्विचांच्या जोडण्यांत पाकिटं गोल फिरू न देणारी व्यवस्था. जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीमध्ये पोर्टाची लिंक वर आली की स्विच १५ सेकंद ऐकतो आणि १५ सेकंद शिकतो, मगच पाकिटं सोडतो. एकूण ३० सेकंद. फर्मवेअर त्याच्या साठ सेकंदांच्या चिवटपणामुळे बऱ्याचदा निभावून नेतं. त्यानंतर लिनक्सचा ड्रायव्हर कार्डाचा ताबा घेतो, लिंक क्षणभर पडते आणि स्विच पुन्हा पहिल्यापासून ३० सेकंद मोजायला लागतो. इन्स्टॉलर इतका धीर धरत नाही. डेबियनचा इन्स्टॉलर मूळ सेटिंगमध्ये लिंकसाठी फक्त ३ सेकंद थांबतो. म्हणूनच ‘पीएक्सई चालतं पण इन्स्टॉलर नाही’ ही तक्रार आली की मी आधी स्विचवर पोर्टफास्ट, म्हणजे एज पोर्ट (हे ३० सेकंद न थांबण्याची सेटिंग), चालू आहे का ते विचारतो. सर्व्हरच्या पोर्टावर ते असायलाच हवं.

तिसरी गोष्ट बाँडिंग, म्हणजे दोन पोर्ट मिळून एकच जोडणी करणं, आणि हिच्यावर जरा थांबू या, कारण अनेक पोर्टांच्या सर्व्हरांत हमखास सापडणारा खड्डा हाच. नेटवर्कवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे दोन १० गिगाबिट पोर्टांचा पोर्ट-चॅनल (स्विचच्या बाजूचं बाँड) आधीच करून ठेवलेला असतो. इमानेइतबारे केलेलं काम. पण फर्मवेअरला सहसा एलएसीपी (बाँडची दोन्ही टोकं एकमेकांशी जुळवायची भाषा) बोलता येत नाही. स्विच एलएसीपीच्या पाकिटांची वाट बघतो, ती येत नाहीत, आणि तो पोर्ट बाजूला काढून ठेवतो. लिंकचा दिवा मात्र छान हिरवा! सर्व्हर ओरडतोय, स्विच ऐकत नाहीये.

उपाय म्हणजे एलएसीपी नाही आलं तरी पोर्ट एकटा चालू द्या, असं स्विचला सांगायचं. सिस्को नेक्ससवर पोर्ट-चॅनलखाली सस्पेंड-इंडिव्हिज्युअल बंद करतात, अरिस्टावर एलएसीपी फॉलबॅक असतं, ज्युनिपरवर फोर्स-अप. ते जमत नसेल तर इन्स्टॉल होईपर्यंत पोर्ट-चॅनल मोडायला सांगा आणि नंतर बांधा.

याहून वाईट प्रकार स्टॅटिक पोर्ट-चॅनलचा, ज्यात एलएसीपी नसतंच. तिथे स्विच दोन्ही पोर्ट चालू समजतो आणि उत्तर कुठल्या केबलमधून पाठवायचं ते पत्त्यांच्या हॅशवर (पत्त्यांवरून गणिताने काढलेल्या आकड्यावर) ठरवतो. सर्व्हरने पहिल्या पोर्टातून मागितलेली ऑफर दुसऱ्या पोर्टात येऊन पडते आणि तिथे तिला घ्यायला कोणी नसतं. दहा सर्व्हरांत सहा बसतात, चार बसत नाहीत, आणि सगळ्यांचं कॉन्फिगरेशन सारखंच. हॅशचा निकाल मॅकगणिक बदलतो एवढंच. ‘काहींवर होतं, काहींवर नाही’ असं ऐकलं की स्टॅटिक पोर्ट-चॅनलची चौकशी करा.

पायरी ५: डीएचसीपी सर्व्हरवर बसून कान लावा

आता इन्स्टॉल सर्व्हरवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारी कमांड) चालू करा. इन्स्टॉलच्या इंटरफेसवर, पोर्ट ६७, ६८ आणि ६९ साठी (हे पाकिटांवरचे सेवांचे क्रमांक, केबलची भोकं नव्हेत), नावांऐवजी आकडे दाखवायला उणे एन आणि मॅक दिसण्यासाठी उणे ई. मग सर्व्हर सुरू करा आणि वही शेजारी ठेवून बघा.

काहीच येत नसेल तर पायरी ४ पुन्हा करा. हाक पोचतच नाहीये. डिस्कव्हर (पत्ता मागणारी पहिली हाक) येतंय पण वहीतल्या भलत्याच मॅकवरून, तर पायरी ३ राहिली आहे किंवा केबल चुकीच्या भोकात आहे. डिस्कव्हर येतं, तुमच्याकडून ऑफर जात नाही: डीएनएसमास्क त्या इंटरफेसवर ऐकत नाही, किंवा फायरवॉल. डीएनएसमास्कच्या फाइलमध्ये लॉग-डीएचसीपी ही एक ओळ घातली की तो काय विचार करतोय ते सगळं बोलून दाखवतो.

ऑफर जाते पण रिक्वेस्ट (ऑफर घेतल्याचा निरोप) येत नाही, किंवा येते ती दुसऱ्याच सर्व्हरच्या नावाने: तिथे आणखी कोणीतरी डीएचसीपी वाटतंय. नवी मुंबईत महापे इथल्या एका डेटा सेंटरमध्ये मी एकदा पहाटेपर्यंत यामागे होतो. दोन पोर्ट, दोन्ही एकाच व्हीलॅनमध्ये, आणि त्याच व्हीलॅनमध्ये आधीच्या कोणीतरी तात्पुरता म्हणून लावलेला एक छोटा वायफाय राउटर. सर्व्हर कधी आमच्याकडून पत्ता घ्यायचा, कधी त्या राउटरकडून, आणि राउटरला बूट फाइलचा पत्ताच नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तसा सर्व्हर ई५३ दाखवून बसून राहायचा. टीसीपीडंपमध्ये दुसऱ्या ऑफरचा मॅक पाहिला, स्विचच्या मॅक टेबलमध्ये तो शोधला, त्या पोर्टाची केबल हाताने धरत रॅकच्या तळापर्यंत गेलो तेव्हा तो राउटर केबलांच्या गुंत्यामागे उलटा पडलेला सापडला.

इन्स्टॉल सर्व्हरलाही एकाहून जास्त कार्डं असतात, हे लोक विसरतात. डीएनएसमास्कला इंटरफेस सांगा आणि सोबत बाइंड-इंटरफेसेस लिहा, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कवर तो चुकून डीएचसीपी वाटत सुटणार नाही. (सुटला तर तो दुसऱ्याच्या गोष्टीतला वायफाय राउटर तुम्ही.) ऑफरमध्ये पुढच्या सर्व्हरचा म्हणून जो पत्ता जातो, तो क्लायंटला पोचता येईल असाच हवा. पत्ता हाताने लिहिला असेल आणि तो दुसऱ्या कार्डाचा निघाला, तर ई३२ ठरलेला.

बूट फाइल कुठली द्यायची हे क्लायंटच्या ९३ क्रमांकाच्या डीएचसीपी ऑप्शनवरून ठरवा. साधा बायोस तिथे ० पाठवतो, ६४ बिट युईएफआय बहुधा ७. डीएनएसमास्कमध्ये डीएचसीपी-मॅचने त्यावर टॅग लावायचा आणि टॅगप्रमाणे डीएचसीपी-बूट. युईएफआयला बायोसची फाइल दिली तर ती उतरते आणि काहीच होत नाही. सिक्युअर बूट (फक्त सही असलेले प्रोग्रॅम चालू देणारी सोय) चालू असेल तर आधी शिम (सही असलेला छोटा बूटलोडर), मग ग्रब (मुख्य बूटलोडर).

टीएफटीपीचं थोडक्यात: तो पोर्ट ६९ वर फक्त दार ठोठावतो, फाइल पाठवतो दुसऱ्याच उंच क्रमांकाच्या पोर्टावरून. फायरवॉलमध्ये नुसता ६९ उघडून भागत नाही. फायदा असा की टीएफटीपीच्या लॉगमध्ये पीएक्सईलिनक्स (एक बूटलोडर) कुठल्या फाइली मागतं ते ओळीने दिसतं. ०१ आणि पुढे हायफन घातलेला मॅक, मग आयपी पत्ता हेक्समध्ये (१९२.१६८.१०.२५ चा सी०ए८०ए१९ होतो), मग तोच एकेक अक्षर कमी करत, आणि शेवटी डिफॉल्ट. ०१ ने सुरू होणाऱ्या नावातला मॅक वहीशी ताडून बघा. सर्व्हर कुठल्या दारातून आला याचा तो लेखी पुरावा.

पायरी ६: चिठ्ठी, म्हणजेच बूटआयएफ

बूट झालेल्या पोर्टाचा मॅक कर्नलपर्यंत पोचवण्याची सोय आहे, तिचं नाव बूटआयएफ. कर्नलच्या कमांड ओळीत मोठ्या अक्षरांत बूटआयएफ, बरोबरचं चिन्ह, मग ०१ आणि हायफनांनी जोडलेला मॅक. ते ०१ मॅकचा भाग नाही. इथरनेट या प्रकाराचा तो क्रमांक आहे.

पीएक्सईलिनक्सच्या मेनू फाइलमध्ये त्या लेबलखाली आयपीअपेंड २ अशी ओळ लिहिली की तो ही चिठ्ठी आपोआप जोडतो. किती जणांनी ही एक ओळ न लिहिल्यामुळे आठवडे घालवले असतील कोण जाणे. आयपीएक्सई या दुसऱ्या बूटलोडरमध्ये हाताने लिहावं लागतं: ०१ आणि हायफन, त्यानंतर महिरपी कंसात नेटएक्स, तिरकी रेघ, मॅक, कोलन, हेक्सहिप. नेटएक्स म्हणजे शेवटी उघडलेला इंटरफेस, आणि हेक्सहिपमुळे मॅक हायफनांसकट छापला जातो. इथे हटकून नेट० लिहिणारे भेटतात. नेट० म्हणजे आयपीएक्सईला पहिला सापडलेला पोर्ट, चालू असलेला नव्हे. ग्रबमध्ये मॅकसाठी नेट_डिफॉल्ट_मॅक नावाचं व्हेरिएबल आहे.

आयपीएक्सई वापरताना एक चकवा आहे. फर्मवेअर डीएचसीपीवरून आयपीएक्सई उतरवतं. आयपीएक्सई पुन्हा डीएचसीपी करतं. त्याला पुन्हा आयपीएक्सईच मिळतं. ये रे माझ्या मागल्या. आयपीएक्सई ७७ क्रमांकाच्या ऑप्शनमध्ये स्वतःचं नाव पाठवतं, ते दिसलं की फाइलऐवजी स्क्रिप्टचा पत्ता द्यायचा.

चिठ्ठी खरंच पोचली का? इन्स्टॉलरच्या शेलमध्ये जाऊन प्रॉकमधली सीएमडीलाइन फाइल कॅटने बघा. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये अल्ट आणि एफ२ दाबून शेल मिळतो, लॉग एफ४ वर.

पायरी ७: प्रत्येक इन्स्टॉलरचा वेगळा स्वभाव

रॉकी, अल्मा, रेड हॅट. यांचा अ‍ॅनाकोंडा हा इन्स्टॉलर ड्रॅकटच्या (इनिटआरडीतल्या साधनांच्या) आधारे नेटवर्क उघडतो. कुठला पोर्ट ते सांगितलं नाही तर तो एकेक करून सगळ्यांवर डीएचसीपी मागत बसतो आणि शेवटी ‘ड्रॅकट-इनिटक्यू टाइमआउट’च्या ओळींचा पाऊस पडून आणीबाणीचा शेल येतो. बूटआयएफ असेल तर नीट वागतो. नसेल तर आयपी या पर्यायात इंटरफेसचं नाव, कोलन, डीएचसीपी असं स्पष्ट लिहा. किकस्टार्ट फाइलमधल्या (इन्स्टॉलरची उत्तरं आधीच लिहिलेल्या फाइलमधल्या) नेटवर्क ओळीत डिव्हाइसला लिंक असं लिहिण्याची खूप जणांना सवय असते. त्याचा अर्थ लिंक वर असलेला पहिला पोर्ट. स्टोरेजच्या नेटवर्कची केबलही लिंक वर ठेवतेच. त्याऐवजी बूटआयएफ लिहा, नाहीतर सरळ मॅक. जुन्या लेखांत केएसडिव्हाइस नावाचा पर्याय दिसेल, तो रेड हॅट ६ च्या काळातला. कॉपी करू नका.

डेबियन. अनेक पोर्ट दिसले की हा थांबून विचारतो, प्राथमिक इंटरफेस कुठला? लोक याचं उत्तर प्रीसीड फाइलमध्ये (डेबियनच्या उत्तरांच्या फाइलमध्ये) लिहितात आणि तरीही प्रश्न येतच राहतो. कारण प्रीसीड फाइल नेटवर्कवरून यायची आहे आणि नेटवर्क या उत्तराशिवाय उघडणार नाही. घराची किल्ली घरातच ठेवून बाहेरून कुलूप लावल्यासारखं हे. इंटरफेस, लिंकसाठीचा वेळ, डीएचसीपीचा वेळ हे सगळं कर्नलच्या कमांड ओळीतच द्यायचं. इंटरफेसला ऑटो लिहिलं तर तो लिंक असलेला पोर्ट घेतो, तो बरोबर निघेल की नाही ते तुमच्या केबलांवर अवलंबून.

उबंटू. सर्व्हरचा नवा इन्स्टॉलर नेटवर्कवरून चालवायच्या नेहमीच्या पद्धतीत आख्खी आयएसओ मेमरीत उतरवतो, त्यामुळे रॅम कमी असलेल्या मशीनवर नेटवर्कचा दोष नसताना नेटवर्कसारखीच अडचण दिसते. बूटआयएफ हाही ओळखतो. ऑटोइन्स्टॉलमध्ये (उबंटूच्या उत्तरांच्या फाइलमध्ये) नेटवर्कचा भाग लिहिला नाही तर तो ईटीएच किंवा ईएन ने सुरू होणाऱ्या सगळ्या पोर्टांवर डीएचसीपी लावून मोकळा होतो. तो भाग लिहा, आणि मॅचखाली मॅक पत्ता द्या. ग्रबच्या मेनूतून क्लाउड-इनिटचा (ती फाइल उचलणाऱ्या प्रोग्रॅमसाठीचा) पत्ता देताना त्यातला अर्धविराम अवतरणात घाला किंवा त्याच्यापुढे उलटी रेघ द्या. नाहीतर ग्रब तिथेच ओळ तोडतो आणि इन्स्टॉलर गुपचूप हाताने इन्स्टॉल करायच्या पानावर जातो.

आणि तिघांनाही लागू पडणारी एक गोष्ट: फर्मवेअरने कार्ड चालवलं म्हणजे लिनक्सला ते चालवता येईलच असं नाही. फर्मवेअरकडे स्वतःचा ड्रायव्हर असतो. लिनक्सचा वेगळा, आणि ब्रॉडकॉमच्या काही १० गिगाबिट कार्डांना (बीएनएक्स२एक्स ड्रायव्हरवाल्या) सोबत फर्मवेअरची फाइलही लागते. ती इनिटआरडीमध्ये नसेल तर कार्ड यादीत दिसतं पण लिंक येत नाही, किंवा कार्ड दिसतच नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) ‘फर्मवेअर’ शब्द शोधा. अशा वेळी बोर्डावरच्या साध्या १ गिगाबिट पोर्टावरून इन्स्टॉल करून टाकावं, १० गिगाबिटचं नंतर बघता येतं. मला तर हाच राजमार्ग वाटतो.

पायरी ८: पहिलं रीबूट

इन्स्टॉल संपलं, सर्व्हर रीबूट झाला, आणि पुन्हा इन्स्टॉलर सुरू! बूट क्रमात नेटवर्क पहिलं असेल आणि मेनू आपोआप पुढे जात असेल तर सर्व्हर दिवसभर स्वतःला पुसून पुन्हा बसवत राहील. आज डिस्क रिकामी आहे म्हणून हसू येतं, सहा महिन्यांनी डेटा असताना असंच झालं तर येणार नाही. बूट क्रमात डिस्क पहिली ठेवा आणि इन्स्टॉलच्या वेळी आयपीएमआयटूलने चॅसिस बूटडेव्ह पीएक्सई असं एकाच वेळेपुरतं सांगा. युईएफआय असेल तर ऑप्शन्समध्ये ईएफआयबूट जोडा. डिफॉल्ट मेनूत स्थानिक डिस्कवरून बूट हाच पर्याय असू द्या, इन्स्टॉल फक्त त्या त्या मॅकच्या फाइलमध्ये.

मग नावांचा गोंधळ. इन्स्टॉलरमध्ये ईटीएच० असलेला पोर्ट बसलेल्या सिस्टीममध्ये ईएनओ१ किंवा ईएनपी३एस० होऊ शकतो. २०१३ पासून सिस्टीमडी जागेवरून नाव ठरवतं: बोर्डावरचा ईएनओ, स्लॉटमधला ईएनएस, पीसीआयच्या पत्त्यावरून ईएनपी. ईएनपीवाल्या नावात बसचा क्रमांक असतो, आणि नंतर एखादं कार्ड घातलं की बसचे क्रमांक सरकू शकतात. कॉन्फिगरेशनमध्ये नाव लिहिण्यापेक्षा मॅक लिहिलेला बरा तो म्हणूनच.

आयपी पत्ता बदलला असेल तर घाबरू नका. फर्मवेअर, इन्स्टॉलर आणि बसलेली सिस्टीम अनेकदा वेगवेगळा क्लायंट आयडी पाठवतात, आणि डीएचसीपी सर्व्हर त्यांना वेगवेगळी माणसं समजतो. मॅक एकच असला तरी. नेटप्लॅनमध्ये (उबंटूच्या नेटवर्क कॉन्फिगरेशनमध्ये) डीएचसीपी-आयडेंटिफायर मॅक लिहा, किंवा डीएनएसमास्कला क्लायंट आयडीकडे दुर्लक्ष करायला सांगा.

उबंटू सुरू होताना दोन मिनिटं अडून बसत असेल तर ज्या पोर्टांना केबलच नाही त्यांची तो वाट बघतोय. नेटप्लॅनमध्ये त्यांना ऑप्शनल करा. आणि दोन पोर्टांवर डीएचसीपी चालू असेल तर दोन डीफॉल्ट गेटवे येतात. आयपी राउट बघा, डीफॉल्टने सुरू होणारी ओळ एकच हवी.

राहिलं बाँडिंग. पायरी ४ मध्ये मोडलेला किंवा सैल केलेला पोर्ट-चॅनल आता बांधा, सर्व्हरवर ८०२.३एडी मोडचं बाँड करा, आणि प्रॉकमधल्या नेट, बाँडिंग, बाँड० ही फाइल उघडून बघा. तिथे पार्टनर मॅक अ‍ॅड्रेस अशी ओळ असते. तिच्यासमोर स्विचचा मॅक दिसला तर बाँड जमला. सगळी शून्यं दिसली तर स्विच अजून एलएसीपी बोलत नाहीये, मग बाँड वर दिसत असला तरी. केबल हलवू नका, नेटवर्कवाल्यांना फोन करा, आणि या वेळी फोन करताना त्या ओळीचा फोटो आधी पाठवा.